रीसेट दाबला की एक्क्याण्णव

परवा ठाणे स्टेशनवरून वर्तकनगरला जाणाऱ्या शेअर रिक्षात बसलो होतो. रिक्षावाला पंचविशीचा असेल. हँडलच्या खाली छोटा प्लेअर बसवलेला, त्यावर एफएम चालू. गाणं संपलं, निवेदिकेने बोलायला सुरुवात केली मात्र, याचा अंगठा पुढे झाला आणि स्टेशन बदललं. तिथे सोनाराची जाहिरात. पुन्हा अंगठा. तिथे गाण्याचा शेवटचा अंतरा चालू होता, तेवढा ऐकला, आणि गाणं संपून माणसाचा आवाज आला की पुन्हा अंगठा. खोपटपासून कॅडबरीच्या सिग्नलपर्यंत हाच प्रकार. रस्त्यावरची नजर एकदाही ढळली नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. उतरताना सुटे पैसे देता देता विचारलं, "बोलू का देत नाही हो त्यांना?" तो हसला. म्हणाला, "दादा, गाणी ऐकायला लावलंय. ते काय बोलणार? तेच ते."

तेच ते हे खरंच होतं, तरी दिवसभर ते डोक्यातून जाईना. कारण एके काळी आम्ही नेमकं उलटं करायचो. गाण्यांची आमच्याकडे ददात नव्हती, कॅसेटी होत्या. गाणं कधी संपतं आणि तो माणूस कधी बोलतो याची वाट बघत आम्ही बसायचो.

आमचं घर तेव्हा कळव्याला. फ्रिजवर एक टू-इन-वन असायचा, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकाच डब्यात, त्यावर आईने विणलेलं झाकण. काटा कायम आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर, मीडियम वेव्हच्या ५५८ वर. सकाळी भक्तिगीतं, बातम्या, पुढे कामगार सभा, दुपारी वनिता मंडळ. मिक्सर लावला की रेडिओ खरखरायचा, ट्यूबलाइट पेटताना कडकडायचा, आणि पावसाळ्यात वीज चमकली की आधी रेडिओ बोलायचा, मग आभाळ. त्या टू-इन-वनवर ८८ ते १०८ अशी आणखी एक पट्टी होती. वडिलांनी तो घेतला तेव्हा दुकानदाराने 'यात एफएमपण आहे' असं कौतुकाने सांगितलं होतं म्हणे. पण त्या पट्टीवर काटा न्यायचं घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं. टेलिस्कोपिक अँटेना पूर्ण बाहेर काढायची वेळच आली नव्हती, त्यामुळे ती आतल्या आत नवी कोरी राहिली होती.

ती बाहेर आली १९९३ मध्ये. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून आकाशवाणीने मुंबई-दिल्लीच्या एफएमवरचे तास खासगी मंडळींना विकायला काढले. स्टेशन आकाशवाणीचं, ट्रान्समीटर आकाशवाणीचा, पण अमुक ते अमुक वेळ टाइम्स एफएम, मग रेडिओ मिड-डे, मध्येच पुन्हा आकाशवाणी. आज सांगितलं तर गंमत वाटेल, पण तेव्हाच्या स्पर्धेत श्रोत्याला काटा हलवावाच लागत नसे. आपण जागच्या जागी, दुकानदार बदलत राहायचे. एक निवेदक निरोप घेऊन जायचा आणि त्याच जागेवर दुसऱ्याच कंपनीचा माणूस नव्या दमाने नमस्कार करायचा. त्या दोघांमध्ये कधीकधी आकाशवाणीच्या उद्घोषकांचा संथ, शुद्ध, जरा नाराज वाटणारा आवाज यायचा.

आणि तो आवाज केवढा स्वच्छ! मीडियम वेव्हवर गाणं पांघरुणाखालून ऐकल्यासारखं यायचं. इथे झांजेचा टोला खोलीच्या उजव्या कोपऱ्यात पडलेला कळायचा. टू-इन-वनला दोन स्पीकर होते, त्यांचा उपयोग काय हे आमच्या घराला तेव्हा कळलं. आई मात्र दोन दिवसांत वैतागली. "हा माणूस श्वास कधी घेतो?" हा तिचा पहिला प्रश्न. अर्धं वाक्य हिंदी, अर्धं इंग्रजी, मध्येच खिदळणं, आणि बोलणं असं की जणू समोर आपण एकटेच बसलोय. आकाशवाणी 'श्रोतेहो' म्हणायची, म्हणजे आपल्यासारखे आणखी हजारो आहेत हे त्यात आलंच. हे लोक 'तू' म्हणायचे. दहावी-अकरावीच्या वयात रात्री अंधारात कुणी 'तू' म्हणून बोलत असेल, तर गाण्याचं काय घेऊन बसलात? बोलणं असायचं अगदीच फुटकळ. पाऊस, कुणाचा तरी वाढदिवस, कुणाचं तरी प्रेमपत्र. पण ते माणूस बोलतंय असं वाटायचं.

१९९८ मध्ये हे सगळं बंद झालं. कंत्राटांची मुदत संपली, आकाशवाणीने ती पुढे वाढवली नाही, तास परत घेतले. मधल्या काळात, १९९५ मध्ये, वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर कुणा एकाची मक्तेदारी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. निमित्त क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचं होतं. एफएमची दारं खासगी कंपन्यांना पुढे उघडली त्यामागे हा निकाल होता, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की रात्री तो आवाज नाही. काटा होता तिथेच होता.

मग २००२ चा उन्हाळा.

त्या उन्हाळ्याच्या आगेमागे मुंबईच्या हवेत पाच खासगी स्टेशनं आली. रेडिओ सिटी ९१, गो ९२.५, रेड ९३.५, विन ९४.६ आणि रेडिओ मिर्ची ९८.३. हे आकडे मला आजही पाढ्यासारखे येतात, आणि त्याचं कारण एक चिनी रेडिओ. ठाणे स्टेशनच्या बाहेर, सॅटिस पूल वगैरे काही नव्हतं तेव्हा, फूटपाथवर ताडपत्री टाकून हे रेडिओ विकायला असायचे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, दोन पेन्सिल सेल, इअरफोनची वायर हीच अँटेना, आणि डोक्याला एक बारका टॉर्च. त्याला काटा नव्हता, आकडे दाखवणारा पडदाही नव्हता. फक्त दोन बटणं: स्कॅन आणि रीसेट. स्कॅन दाबलं की पुढचं स्टेशन. मागे जायची सोय नाही. हवं ते स्टेशन हातून निसटलं, तर रीसेट दाबून ८८ पासून पुन्हा सुरुवात. म्हणजे रीसेट, स्कॅन: सिटी. पुन्हा स्कॅन: गो. पुन्हा: रेड. पुन्हा: विन. पुन्हा: मिर्ची. त्यानंतर १००.७ आणि अगदी शेवटी १०७.१, ही दोन्ही आकाशवाणीची. पाच खासगी दुकानं ओलांडल्याशिवाय सरकारी दुकान लागायचं नाही. जाहिरात कंपन्या श्रोत्यांची आवडनिवड मोजत होत्या, पण कळवा लोकलच्या दारात लटकलेल्या माणसाची आवड बरीचशी या बटणाने ठरवलेली असायची. एक हात वरच्या कडीला, दुसरा खिशात, आणि खिशातल्या खिशात बोटाने मोजायचं. मुलुंडच्या आसपास गर्दीचा धक्का बसून चुकून रीसेट दाबला गेला की पुन्हा एक्क्याण्णव. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ सिटी ऐकायचे ते केवळ याच कारणाने. पुढे जायची उठाठेव कोण करणार, म्हणायचे.

डोंबिवलीला मावशीकडे जाताना फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरायची, त्याचीही आठवण आहे. एफएम साधारणपणे नजरेच्या रेषेत चालतं, मध्ये डोंगर आला की विषय संपला. गाडी आत शिरल्यावर दोन-चार सेकंद गाणं तग धरायचं, मग नुसतं 'खस्स'. डब्यात ज्यांच्या ज्यांच्या कानात वायरी, त्या सगळ्यांचे चेहरे एकदम कोरे व्हायचे. सव्वा किलोमीटरच्या आसपासचा बोगदा, पण बिनगाण्याचा फार लांब वाटायचा. बाहेर पडल्यावर मुंब्र्याच्या बाजूला आवाज परत यायचा तोही भरवशाचा नसायचा. डोंगर आता मुंबईच्या आणि आपल्या मध्ये आलेला असे. दिव्यापर्यंत डोकं जरा इकडे, जरा तिकडे करत जावं लागायचं.

पाच स्टेशनं आली म्हणजे पाच प्रकारचं ऐकायला मिळेल, असं मला प्रामाणिकपणे वाटलं होतं. गो ९२.५ सुरुवातीला इंग्रजी गाण्यांकडे झुकलेलं होतं, ते सोडलं तर काही आठवड्यांतच बाकीच्यांचा एकमेकांशी मेळ बसला. एका ठिकाणी नव्या सिनेमाचं गाणं संपवून स्कॅन दाबावं, तर पुढच्या स्टेशनवर त्याच गाण्याची सुरुवात. संध्याकाळी पाच वाजता एका स्टेशनवर वाहतुकीची खबर, दुसऱ्यावरही वाहतुकीची खबर. बातम्या द्यायला परवानगी नव्हती, त्यामुळे वाहतूक आणि हवामान एवढंच 'आजचं' म्हणून हातात राहायचं.

असं का, ते मला एका मित्राने समजावलं. आम्ही एकाच कॉलेजात होतो, तो पुढे यातल्याच एका स्टेशनात लागला. आधी जाहिरातींच्या संहिता लिहायला, मग सकाळच्या कार्यक्रमाचा प्रोड्यूसर म्हणून. पहाटेच्या पहिल्या लोकलने ठाण्याहून निघायचा. त्याने आधी आकडा सांगितला. मुंबईचं लायसन्स वर्षाला ९.७५ कोटी रुपये. धंदा होवो न होवो, हे भरायचेच, आणि दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ. लायसन्स दहा वर्षांचं. मी कागदावर गणित करून पाहिलं: दहाव्या वर्षी ही रक्कम ३४ कोटींच्या वर जाते. "आता तूच सांग," तो म्हणाला, "एवढे पैसे भरायचे असतील तर तू नाट्यसंगीत लावशील?"

मग त्याने मला एकदा स्टुडिओत नेलं. रात्रीची वेळ होती. काचेच्या पलीकडे आरजे उभा राहून बोलत होता, हे पहिलं आश्चर्य. माझ्या कल्पनेत रेडिओवरची माणसं बसलेली असायची. समोर दोन पडदे, एकावर त्या तासाची सगळी यादी: गाणं, गाणं, जिंगल, लिंक, ब्रेक, गाणं. गाणी तो निवडत नव्हता. ती सॉफ्टवेअरने रचलेली, कुठलं गाणं दिवसात किती वेळा, कशानंतर काय, सगळं आधीच ठरलेलं. त्या तासात त्याच्या वाट्याला होते ते 'लिंक' नावाचे तुकडे. अर्ध्या मिनिटाच्या आत बोल आणि बाजूला हो. पुढच्या गाण्याच्या सुरुवातीचं संगीत चालू झालं की त्यावर बोलायचं, आणि गायकाचा पहिला शब्द यायच्या आत थांबायचं. पडद्यावर सेकंद उलटे पळत होते: नऊ, आठ, सात. तो पावसाबद्दल काहीतरी सांगत होता, हाताने फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर नेत होता, आणि 'दोन'वर त्याचं वाक्य पूर्ण झालं. गायिकेने तोंड उघडलं. त्याने हेडफोन मानेवर घेतला, माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि पाणी प्यायला. सर्कशीतल्या झुल्यावरचा माणूस पलीकडचा हात पकडतो ना, तसं ते होतं. मी मनापासून टाळी वाजवली. काचेमुळे त्याला ऐकू गेली नाही.

कोपऱ्यात एक साधा रेडिओ होता, आवाज बारीक. त्यावर समोरच्या कंपनीचं स्टेशन. "त्यांचा ब्रेक लागला की आपण मोठं गाणं सोडायचं," मित्र म्हणाला. "जाहिरात लागल्यावर लोक बटण दाबतात. दाबल्यावर इथे पडले पाहिजेत." आणि त्यांच्याकडेही कोपऱ्यात असाच रेडिओ असणार, ज्यावर हे लागलेलं असणार. मला ते फार विनोदी वाटलं. दोन स्टेशनं रात्रभर एकमेकांचं लक्ष देऊन ऐकताहेत. आपण मधल्या मधे.

म्हणजे त्या अंगठ्याचा धाक तिथे सुरुवातीपासून होता. बोलणं म्हणजे धोका, कारण बोलणं लांबलं की श्रोता निसटतो. म्हणून बोलणं छोटं करायचं. छोट्या बोलण्यात सांगण्यासारखं काही मावत नाही, म्हणून ते फुटकळ होतं. फुटकळ झालं की श्रोता आणखी लवकर निसटतो. १९९३ च्या त्या तासांच्या दुकानदारांना ही भीती कमी होती. श्रोता निसटून जाईल कुठे, पट्टीवर दुसरं होतं काय? मक्तेदारी वाईट हे मला मान्य आहे. पण त्या मक्तेदारीच्या आडोशाला काही माणसं निवांत बोलू शकली, आणि पाच जणांच्या बाजारात ती चैन कुणालाच परवडेना.

आता जरा आमच्या ठाण्याचं. या सगळ्या स्टेशनांची सकाळ 'मुंबई'ला हाक मारून व्हायची. आम्ही ऐकत होतो, पण ती हाक आम्हाला नव्हती. फोनचा कोड ०२२, खाली एमटीएनएलचीच वायर, लोकल तीच, घाम तोच, आणि तरी खाडीच्या अलीकडे आलो की आपण 'बाहेरचे'. आमच्या शेजारच्या काकूंचा फोन एकदा एका स्पर्धेत लागला. आख्खी चाळ गोळा झालेली. पलीकडून विचारलं, "कहाँ से बोल रही हैं आप?" काकू ताठ्यात म्हणाल्या, "कळवा, ठाणे." पलीकडचा ओरडला, "अरे बाप रे, इतनी दूर से!" काकूंना बक्षीस मिळालं, कसलंसं कूपन होतं, ते घ्यायला अंधेरीला जायचं होतं. त्या काही गेल्या नाहीत. पण 'इतनी दूर से' हे चाळीत पुढे कितीतरी दिवस चाललं. कुणी तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर साखर मागायला आलं तरी.

मराठीचंही तेच. मुंबईच्या खासगी एफएमवर तेव्हा मराठी गाणं म्हणजे सणासुदीची गोष्ट. गणपतीत एखादं, दहीहंडीला एखादं. मित्राला खोदून विचारलं तर म्हणायचा की जाहिरातदारांना ते 'डाउनमार्केट' वाटतं. बोलण्यात मराठी असायची ती चवीपुरती: 'काय रे', 'एक नंबर', 'चल फूट'. गंमत म्हणजे ते बोलणारे बरेचसे आमच्यातलेच होते. माझा हा मित्र राम मारुती रोडवर वाढलेला, गडकरी रंगायतनला एकांकिका केलेला, तलावपाळीवर तासन्‌तास टिवल्याबावल्या केलेला. तोच बसून 'मुंबई'च्या नावाने हिंदीत लिंक लिहायचा. मध्ये मध्ये ठाण्याच्या मामलेदारच्या मिसळीचा उल्लेख घुसवून द्यायचा, आणि आरजे तो वाचायचा तेव्हा आम्ही कळव्यात एकमेकांकडे बघायचो. तेवढीच चोरटी हजेरी.

ठाण्याचं नाव एफएमवर आदराने, पुन्हा पुन्हा, अगदी सुरात घ्यायला लागले ते बिल्डर. घोडबंदर रोडवर टॉवर उभे राहायला लागले, आणि दर ब्रेकला पाखरांचा किलबिलाट, झऱ्याची खळखळ आणि 'स्टेशनपासून फक्त १० मिनिटांवर' ऐकू यायला लागलं. ती दहा मिनिटं कुठल्या वाहनाने, हे ऐकणाऱ्या प्रत्येक ठाणेकराला पडलेलं कोडं. कार्यक्रमांत जे शहर 'इतनी दूर' होतं, ते जाहिरातीत एकदम जवळ आलं.

२६ जुलै २००५ ला मी विक्रोळीला ऑफिसात होतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा नंतर कळला. तेव्हा एवढंच कळत होतं की लोकल बंद आहेत आणि मोबाइल लागत नाहीत. संध्याकाळी आम्ही काही जण हायवेने चालायला लागलो. कांजूर, भांडुप, मुलुंड. माणसांची रांगच रांग, कमरेएवढ्या पाण्यातून, बंद पडलेल्या बसच्या कडेकडेने. माझा तो चिनी रेडिओ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या खिशात होता. एक इअरफोन माझ्या कानात, दुसरा शेजारून चालणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या माणसाच्या. वायर फूटभर, त्यामुळे आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून चालत होतो. आणि त्या रात्री रेडिओ बोलत होता. लिंक अर्ध्या मिनिटाची नव्हती. गाण्यांना कुणी विचारत नव्हतं. लोक फोन करून सांगत होते, इथे पाणी किती, तिथे चहा मिळतोय, अमक्या शाळेत मुलं सुखरूप आहेत. आरजे चक्क ऐकून घेत होता. मध्येच त्याचा आवाज चिरकला, त्याने तो लपवला नाही. बातम्या द्यायला बंदी असलेल्या त्या स्टेशनांनी त्या रात्री जे केलं त्याला काय म्हणायचं ते कायदेपंडितांनी ठरवावं. मागून, पुढून माणसं विचारत होती, "काय म्हणतोय?" मी ऐकेन ते मोठ्याने सांगत होतो. "कुर्ल्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत... मिलन सबवे... कलिना..." एका बाईंनी विचारलं, "आणि ठाण्याचं?" कळव्याच्या खाडीपलीकडे त्यांची आई एकटी होती. मी स्कॅन दाबत गेलो. सगळी स्टेशनं पालथी घातली. ठाण्याचं कुणी काही बोललं नाही. मी त्यांना म्हटलं, "अजून काही सांगितलं नाही, म्हणजे ठीक असेल." आनंदनगरच्या नाक्याला त्या दुसऱ्या रस्त्याने गेल्या.

त्याच वर्षी सरकारने धोरण बदललं. ठरलेल्या वाढत्या फीऐवजी एकदाच प्रवेश शुल्क आणि मग उत्पन्नाच्या ४ टक्के. नवे खेळाडू आले: बिग ९२.७, फीव्हर १०४, बायकांसाठी म्हणून मिआव १०४.८. जुन्यांपैकी विन बंद पडलं होतं. माझा चिनी रेडिओ ९३.५ नंतर थेट ९८.३ ला जाऊन थांबू लागला, त्यावरून मला ते कळलं. गो चं रेडिओ वन झालं, पुढे त्याचा आकडाही बदलला. तीन हात नाक्यावर एकाच वेळी दोन होर्डिंगं लागलेली आठवतात, दोन्हींवर 'मुंबईचं नंबर वन'. कोण खरं ते ठरवायला २००७ पासून रॅम नावाची मोजणी सुरू झाली. काही निवडक घरांत डायऱ्या द्यायच्या, आणि आपण कधी काय ऐकलं ते श्रोत्याने त्यात लिहायचं. रात्री झोपताना आठवून आठवून 'सकाळी आठ ते सव्वाआठ' भरणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर येतो. तो पुन्हा पुन्हा कानावर आदळलेलं नावच लिहिणार, दुसरं काय आठवणार त्याला? आणि म्हणून प्रत्येक स्टेशन दर तीन मिनिटांनी स्वतःचं नाव सांगतं. रिक्षावाल्याच्या 'तेच ते' मध्ये हेही आलं.

चीड आहे, तसा लळाही आहे. ऑफिसातून दमून आल्यावर त्या फालतू विनोदांनी मला हसवलंय, हे नाकारण्यात अर्थ नाही. एका सकाळच्या आरजेचा आवाज तर इतका सवयीचा झाला होता की ती दोन दिवस रजेवर गेली तेव्हा मुलुंड ते दादर चुकल्यासारखं वाटत होतं. तिने मला काय सांगितलं असं विचाराल, तर एक वाक्य सांगता येणार नाही.

रविवारी मित्राला तलावपाळीवर गाठला. त्याने रेडिओ केव्हाच सोडला, आता तो कंपन्यांसाठी व्हिडिओ लिहितो. रिक्षावाल्याचा किस्सा सांगितल्यावर तो अजिबात दुखावला नाही. "बरोबर आहे त्याचं. मीही बदलतो," म्हणाला. मग भेळ खाता खाता आम्ही ठाण्याचं स्टेशन काढलं. नुसतं तोंडी, अर्थात. सकाळी साडेसातला त्याने पहिली लिंक तिथल्या तिथे म्हणून दाखवली: गायमुखला ट्रक बंद पडलाय, कोपरी पुलावर रांग आहे, रंगायतनला दुपारी प्रयोग आहे, आणि कळव्याच्या काकू, तुमचं कूपन इथे तलावपाळीलाच आहे, घेऊन जा. सगळी मराठीत, आणि चांगली दीड मिनिटाची. मी म्हटलं, एवढा वेळ तर तुझ्या बॉसने तुला जन्मात दिला नसता. पहिलं गाणं कुठलं लावायचं यावरून आमचं जुंपलं. शेवटी त्यानेच विषय मोडला. म्हणाला, जाहिराती कोण देणार, ते आधी सांग. मी म्हटलं, घोडबंदरचे बिल्डर आहेत की.

"मग दिवसभर पाखरंच ऐक," तो म्हणाला आणि भेळवाल्याकडे तिखट पुरी मागायला गेला.